कोपराचे दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मागल्या बैठकीत कोणी कशावर बोलावे हे ठरत होते. कोणी भरतकाम घेतले, कोणी मुलांचा अभ्यास. मी म्हटले, मी कोपरावर बोलते. सगळ्या हसल्या. साहजिकच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, मी शरीरशास्त्र काय सांगणार? पण दीड वर्ष हे उजवे कोपर मी सांभाळले आहे, तेव्हा त्याची थोडी ओळख झाली आहे. यात जे पुस्तकातले आहे ते माझ्या भाचीचे. ती फिजिओथेरपी शिकते.

आपल्या भाषेने कोपराला पुष्कळ कामाला लावले आहे. हसत हसत टोमणा मारला की ती कोपरखळी. नकोशा माणसाला कोपरापासून नमस्कार. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, हे सासूबाई मला लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकवीत. (ते माझ्या नणंदेला ऐकवायला हवे होते, असे मला अजून वाटते.) कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि असे अठरा हात म्हणजे नऊवारी लुगडे. आपल्या शेजारच्या तेलुगू फुलवाल्या माळ याच मापाने मोजून देतात, त्याला त्या मूर म्हणतात.

या सांध्यात हाडे तीन. दंडाचे एक, पुढच्या हाताची दोन. त्या दोनांतले करंगळीच्या बाजूचे हाड दंडाच्या हाडात बिजागरीसारखे अडकते, त्यामुळे हात मिटतो आणि उघडतो. अंगठ्याच्या बाजूचे हाड त्याच्याभोवती फिरते, म्हणून आपल्याला कुलूप उघडता येते, भाकरी उलथता येते. डॉक्टर त्याला रेडियस म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ चाकाचा आरा. आपल्या बैलगाडीचा आरा तिकडे हाडाला नाव देऊन गेला, याची मला मोठी गंमत वाटली. दुसऱ्याचे नाव अल्ना, म्हणजे लॅटिनमध्ये कोपरच.

चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत करंट बसतो ना? इंग्रजीत त्या जागेला गमतीचे हाड म्हणतात. पण ते हाडही नाही आणि त्यात गंमतही नाही. तिथून एक नस जाते आणि तिच्यावर कातडीखेरीज फारसे पांघरूण नसते. उशाशी हात दुमडून झोपले, किंवा तासभर फोन कानाला धरून माहेरची खबर घेतली, की तीच नस दबते आणि अनामिका व करंगळी बधिर होतात. असे वारंवार होऊ लागले, मुठीतला जोर कमी झाला, तर दाखवून घ्यावे.

आता माझे. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. तिखटासाठी मिरच्यांचे देठ मोडून झाले होते, पापडाचे पीठ कुटून झाले होते, आणि एका दिवसात मी सहा गोधड्या धुऊन पिळल्या. दोन दिवसांनी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठणका लागला. गवतीचहाचा पेला उचलला तरी कळ यायची. मी कोणाला सांगितले नाही. सासूबाई आपल्या काळात जात्यावर दळत असत, त्यांच्यापुढे पेल्याचे गाऱ्हाणे कसे सांगावे?

एके रात्री वरणाचे पातेले सांडशीने उचलले आणि मूठच सुटली. धाकटा मुलगा जेवायला बसला होता. उकळते वरण त्याच्या पाटापासून वीतभर अंतरावर सांडले. हे म्हणाले, "लक्ष कुठे असते तुझे?" मी फरशी पुसत राहिले. त्या रात्री मला झोप आली नाही. हाताला लाज वाटावी असे काही झाले होते, आणि हाताने मला आधी पन्नास वेळा सांगितले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. ह्यांना हसू आले. टेनिसचे मैदान मी टीव्हीवरच पाहिलेले. पण नाव मला ठाऊक होते. सचिन तेंडुलकरचे कोपर 2004 साली दुखले, तेव्हा मी नवी सून होते. घरातले पुरुष जेवताना त्याच्या कोपरावर बोलत. मे 2005 मध्ये लंडनला त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने 93 धावा काढल्या तेव्हा आमच्याकडे पेढे आले. एवढ्या मोठ्या खेळाडूला जे बॅट धरू देत नाही, ते आपल्याला लाटणे कसे धरू देईल? पण बॅट खाली ठेवता येते. त्याच्या कोपराची काळजी साऱ्या देशाने केली म्हणून माझी तक्रार नाही. मी स्वतःच माझ्या कोपराची केली नाही, ही तक्रार आहे.

आणि नाव टेनिसचे असले तरी हे दुखणे 1873 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी प्रथम लिहून ठेवले, ते लिहून लिहून हात दुखणाऱ्यांचे. टेनिस त्याला दहा वर्षांनी इंग्लंडात चिकटले. शंभर मोठ्या माणसांत एक ते तीन जणांना हे होते, बहुधा पस्तिशी ते पन्नाशीत, आणि बायका-पुरुषांना सारखेच. त्यांतले बहुतेक कधी रॅकेट धरीत नाहीत.

मनगट वर उचलणारे स्नायू एका दोरीने कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेले असतात. तिला कंडरा म्हणतात. पिळणे, कुटणे, उपडा हात ठेवून उचलणे, यांनी ती झिजते. आतून विरलेल्या सुंभासारखी होते म्हणा. एक्स-रे काढला तर बहुधा काही दिसत नाही, आणि मग घरची माणसे म्हणतात, काही झालेलेच नाही.

एका ठिकाणी मला इंजेक्शन दिले. पंधरा दिवस मी गोधड्या पिळायला मोकळी झाले, आणि मग दुखणे दुप्पट परतले. भाची म्हणाली, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडतो, पण वर्षअखेरीस ते न घेतलेलेच बरे असतात, असे तपासून पाहिलेले आहे. बहुतेकांचे वर्ष-दीड वर्षात शस्त्रक्रियेविना बरे होते. मी पिळणे सोडले, गोधडी तशीच निथळत ठेवते. भांडे तळवा वर करून, कोपर अंगाशी धरून उचलते. हात टेबलावर टेकवून, आधी रिकामी, मग अर्धी, मग भरलेली पाण्याची बाटली उपड्या हाताने सावकाश खाली सोडायची, हा व्यायाम चार महिने केला. कंटाळा येतो. पण गुण आला तो त्यानेच.

एवढे सांगून मुलांकडे वळते. दोन-तीन वर्षांच्या पोराला एका हाताने ओढून ओट्यावर चढवू नका. त्या वयात आऱ्याच्या हाडाचे डोके कडीतून निसटते, पोर हात लोंबता ठेवते आणि हलवू देत नाही. डॉक्टर ते क्षणात बसवतात. आणि झाडावरून पडून कोपर सुजले असेल तर तेल लावून चोळू नका, घट्ट पट्ट्या बांधू नका. चोळल्याने स्नायूत हाड धरते आणि हात कायमचा आखडतो. माझ्या मामेभावाचा हात असाच राहिला. त्याला उजव्या हाताने तोंडापर्यंत घास नेता येत नाही.

ज्यांना शंका असेल त्यांनी घरी जाऊन भरलेला तांब्या, हात सरळ आणि तळवा खाली ठेवून, वरून काठाला धरून उचलून पाहावा. कळ आली तर मला येऊन सांगा, बाटलीचा व्यायाम मी दाखवीन. आता मसालेभाताचे पातेले उतरवायचे आहे. ते मी एकटी उचलणार नाही, दोघीजणी या.