काचेची पेटी लहान, मासा मोठा



आज बचतीचा विषय नाही, कर्जाचा नाही आणि पापड-लोणच्याचाही नाही. आज आम्ही माशाबद्दल बोलणार आहोत. खायच्या नव्हे, पाळायच्या. तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या दारात म्हैस आहे, शेळ्या आहेत, मासा कुठून आला? पण मागच्या काही महिन्यांत दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतल्या गटांच्या बैठकांना आम्ही गेलो, तेव्हा तीन-चार घरांत काचेची पेटी दिसली. अमरावतीला किंवा अकोल्याला गेलं की लेकरू दुकानासमोरून हलत नाही. वीस-तीस रुपयांचा मासा पिशवीत घालून मिळतो. पेटी मग मागाहून येते.

दर्यापूरकडच्या एका गटात हा विषय बैठकीतच निघाला. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि एक ताई म्हणाल्या, "आमच्या पोट्ट्यानं शार्क आनला हाय. आनला तवा बोटाएवढा होता, आता ईतभर झाला. ठेवावं का काय करावं, काई समजत नाई." आधी सगळ्या हसल्या. मग प्रश्नावर बोलायला लागल्या, तर तास कसा गेला कळलं नाही. त्या तासात जे निघालं आणि नंतर आम्ही जी माहिती घेतली, ती आज सांगतो.

पहिली गोष्ट, हा शार्क नव्हे. दुकानात ‘शार्क’ म्हणून जे चंदेरी, काळसर पाठीचं पिल्लू मिळतं, ते बहुतेक वेळा पंगास असतं. हो, तोच पंगास, जो आपल्या आठवडी बाजारात तुकडे करून विकतात आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून मिळतो. हा मासा मूळचा मेकाँग नदीचा, म्हणजे थायलंड, कंबोडिया, व्हिएतनामकडचा. आपल्या देशात तो १९९० च्या दशकात आला. त्या मोठ्या नदीत तो एक मीटरच्या पुढे वाढतो. तळ्यात नीट खाद्य दिलं तर साधारण वर्षभरात किलोभराचा होतो, म्हणून तर लोक त्याची शेती करतात. आता सांगा, शेतीचा मासा काचेच्या पेटीत किती दिवस मावणार?

बैठकीत एकीने सांगितलं, "दुकानदार म्हन्ते, पेटी जेवढी तेवढाच मासा वाढते." हे आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. त्यात अर्धंच खरं आहे. लहान पेटीत मासा खुंटतो, हे खरं. पण तो पेटी बघून शहाणपणाने थांबत नाही. त्याचीच घाण पाण्यात साचते, हालचालीला जागा उरत नाही आणि त्याची वाढ मारली जाते. पाठ वाकते, रोग लागतो, आयुष्य घटतं. कुंडीत लावलेलं वडाचं झाड लहान राहतं, म्हणून ते वडाचं झाड नाही असं होत नाही.

दुकानात सगळे मासे बोटाएवढेच दिसतात, म्हणून फसायला होतं. गोल्डफिश घ्या. लोक ती वाटीत ठेवतात, पण ती चांगली वाढली तर वीत ओलांडून फूटभरही होते आणि दहा वर्षांहून जास्त जगते. ऑस्कर नावाचा मासा फूटभराचा होतो आणि लहान माशांना खातो. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून जो काळा, खरबरीत, तोंडाने चिकटणारा सकर मासा देतात, तो दीड फुटापर्यंत जाऊ शकतो. लाल शेपटीचा कॅटफिश तर मीटरभराचा होतो. उलट गप्पी, मॉली, फायटर, झेब्रा हे मासे मोठे होऊनही बोटाएवढेच राहतात. झेब्रा तर आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांचा मासा आहे.

आता हिशोब. आपण गटाच्या बायका, हिशोबाशिवाय निर्णय घेत नाही. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. तेवढे लिटर पाणी. त्या ताईंची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे साठ गुणिले तीस गुणिले तीस, भागिले हजार. ५४ लिटर. खाली रेती आणि वर मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच धरा.

मग मोठी पेटी घ्यायची का? चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत २४३ लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे नुसतं पाणीच जवळपास अडीच क्विंटल. अडीच क्विंटल कापूस एका टेबलावर ठेवायचा, असं समजा. काचेचं वजन वेगळं, टेबल मजबूत लागणार ते वेगळं. आणि एवढं करूनही मीटरभराच्या माशाला दीड फूट रुंदीत वळता येणार नाही. शिवाय पंगास हा थव्यात राहणारा, बुजरा मासा आहे. माणूस जवळ आला की दचकतो आणि काचेवर तोंड आपटून घेतो.

पेटीतलं पाणी बदलावंही लागतं. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो त्याला विष आहे. म्हणून आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी काढून नवं घालायचं. लहान पेटीला एक बादली पुरते. मोठीला साठ लिटर, म्हणजे चार बादल्या. इथे एक आजी बोलल्या. म्हणाल्या, "चार बादल्या आननार कोन? पोट्टा का त्याची माय?"

ताईंनो, आमच्या मते अख्ख्या बैठकीतला खरा प्रश्न हाच होता. आपला हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं, पिण्याचं पाणी योजनेच्या नळाचं आणि तेही रोज येत नाही. उन्हाळ्यात घरातली बाई एकेक गुंड मोजून वापरते. त्या घरात माशासाठी दर आठवड्याला चार बादल्या गोडं पाणी काढायचं, तर ते कोणाच्या डोक्यावरून येणार, हे आधी ठरायला पाहिजे. मासा लेकराचा आणि पाणी मायचं, असं चालत नाही.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पाणी जितकं तापतं, तितका त्यातला प्राणवायू कमी होतो. लाईन गेली की हवेचं मशीन बंद. त्या ताईंकडे सुरुवातीला दोन मासे होते. एक मे महिन्यातच गेला. लेकराने दोन दिवस नीट खाल्लं नाही. मासा वीस रुपयांचा असतो, पण लेकराचा जीव त्यात अडकला की त्याची किंमत तेवढीच राहत नाही. म्हणून हा विषय आम्ही हसण्यावारी नेला नाही.

मग बैठकीत एकेक मार्ग निघाला.

कोणी म्हटलं, कापून खा, पंगासच तर आहे. आम्ही सांगितलं की शोभेच्या माशांच्या पाण्यात औषधं टाकलेली असतात आणि ती खाण्याचा विचार करून दिलेली नसतात. असा मासा खाऊ नये. शिवाय लेकरासमोर ते कोणाला जमणार?

कोणी म्हटलं, घरच्या हौदात सोडा. पण हौद वापरायच्या पाण्याचा, तो उन्हाळ्यात तळाला जातो. तेव्हा मासा परत पेटीतच.

आणि मग जो मार्ग सगळ्यांना पटला होता, तो म्हणजे, "नदीत सोडून द्या, पुण्य लागते." या मार्गावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो आणि आजही बोलणार आहोत, कारण हा मार्ग दयेचा वाटतो, पण नाही.

पेटीतला परका मासा नदी-तलावात गेला तर दोनच गोष्टी होतात. एक तर तो मरतो. नाही तर तो जगतो, आणि मग इथल्या माशांचं खाणं खातो, त्यांची अंडी-पिल्लं खातो, त्यांना नवे रोग देतो. केरळमध्ये २०१८ च्या महापुरात पाळलेले परके मासे वाहून नद्यांत गेले. अरापैमा आणि मगरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार हे अमेरिका खंडातले राक्षसी मासे तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात निघाले. तोच ॲलिगेटर गार २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात सापडला. आपल्या महाराष्ट्रातल्या उजनी जलाशयात तो सकर मासा जाळ्यात येऊ लागला. त्याचं अंग काट्याकुट्याचं, जाळी फाडतं आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. चिलापी मासा १९५२ मध्ये बाहेरून आणला, तो आज कितीतरी तलावांत पसरला आहे, काढतो म्हटलं तरी निघत नाही. परदेशी मांगूरवर तर सरकारने २००० मध्येच बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर आपल्या राज्यात त्याची तळी नष्ट करावी लागली.

आपली पूर्णा सातपुड्यातून निघते, अमरावती, अकोला, बुलढाणा करत चांगदेवला तापीला मिळते. एका गावच्या नाल्यात सोडलेला मासा पुढच्या गावचा होतो. त्या नदीवर, आपल्या तलावांवर भोई-ढिवर कुटुंबांची पोटं आहेत. आपल्याच गटांत त्यांच्या बायका आहेत. त्या बैठकीतही एक होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं पुन्य व्हईन, पन आमचं जाळं फाटन." त्यानंतर नदीचं नाव कोणी काढलं नाही.

उरला एकच मार्ग, जिथून आणला तिथे परत द्यायचा, किंवा ज्याच्याकडे खरोखर मोठी टाकी आहे त्याला द्यायचा. ताईंनी मुलाला बैठकीला बोलावलं. सातवीतला पोरगा. आम्ही त्याला टेप दिला आणि म्हटलं, तूच मोज. त्याने अंगणात मीटरभराची रेघ ओढली, शेजारी पेटीची लांबी ओढली. दोन्ही रेघांकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजे त्याले वळताच नाई येनार." कोणी त्याला समजावायची गरज उरली नाही.

पहिल्या दुकानदाराने मासा परत घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने घेतला, त्याच्याकडे मागे मोठी टाकी होती. ताईंनी आत जाऊन स्वतः बघितली आणि मगच मासा दिला. पैसे मिळाले नाहीत. सकाळच्या थंड वेळेत, मोठ्या पिशवीत थोडं पाणी आणि जास्त हवा भरून, पिशवी कपड्यात गुंडाळून तो एसटीने नेला होता. आदल्या दिवशी त्याला खाणं दिलं नव्हतं, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही.

रिकामी पेटी मात्र रिकामी राहिली नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी मासे सोडतो, ते आपल्याला माहीत आहेत. गावातल्या टाकीतले सहा गप्पी आरोग्यसेविकेने मुलाला दिले. गप्पीची पिल्लं भराभर होतात. तो ती आता शेजारच्या हौदांसाठी देतो. तेही विचारून, आणि फक्त बंद हौदातच. गप्पीही बाहेरचाच मासा, नदी-नाल्यात तोही नको.

आता तुमच्या घरी लेकराने मासा मागितला तर पाच प्रश्न विचारा.

एक, मोठा झाल्यावर हा किती लांब होतो? दुकानदाराला सांगता आलं नाही, तर घेऊ नका.
दोन, पूर्ण वाढलेल्या माशाला सहज वळता येईल एवढी पेटी आपल्याकडे आज आहे का? पुढे घेऊ, असं नको.
तीन, दर आठवड्याचं पाणी कोण आणणार? ज्याचा मासा, त्याचं पाणी. नळाच्या पाण्यात टीसीएल असते, म्हणून ते बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच घालायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. काढलेलं पाणी परसबागेला घाला, वांग्या-मिरचीला चांगलं.
चार, मे महिन्यात आणि लाईन गेल्यावर काय करणार? पेटी उन्हात नको, टिनाच्या खोलीत नको.
पाच, नको झाला तर परत कोण घेणार? हे घेण्याआधीच विचारा.

ज्यांच्या घरी असा मासा आधीच वाढलेला आहे, त्यांनी घाबरू नका, लपवूही नका. गटात सांगा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. आपल्या विदर्भात नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथली माणसं माशाचं नाव आणि वाढ सांगू शकतात.

आपण म्हैस घेताना गोठा बघतो, कुटार बघतो, पाणी बघतो, मग दावं बांधतो. माशाला दावं नसतं, तो ओरडतही नाही, म्हणून आपण विचारायचं विसरतो. जीव लहान असला तरी विचार तेवढाच करावा, एवढंच आमचं सांगणं.

पुढच्या बैठकीत या पाच प्रश्नांवर बोला आणि काय ठरलं ते रेडिओला कळवा. रामराम.