‘चक्र’ आणि त्याचे भित्तिपत्रक



एखाद्या चित्रपटाची चर्चा त्यातील कथेपेक्षा त्याच्या भित्तिपत्रकावरूनच अधिक व्हावी, असे कधी कधी घडते. 1981 साली प्रदर्शित झालेल्या ‘चक्र’ या हिंदी चित्रपटाच्या वाट्याला ते आले. त्याची मूळ कादंबरी मराठी. जयवंत दळवी यांची, 1963 सालची. धार-देवासकडील आमच्या मराठी घरांना दळवी ठाऊक असतात ते बहुधा ‘ठणठणपाळ’ म्हणून किंवा नाटककार म्हणून. ‘चक्र’ मात्र चारचौघांत काढावयाचे पुस्तक नव्हे, अशी समजूत आमच्याही घरी होतीच.

रवींद्र धर्मराज यांनी बड्या चित्रसंस्थांच्या व्यापारी चाकोरीबाहेर राहून हा चित्रपट केला. पुढे अल्पावधीतच त्यांचे निधन झाल्यामुळे दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकच कथाचित्रपट मागे राहिला. लोकार्नो येथील महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. इकडे लोकांच्या लक्षात राहिले ते भिंतीवरचे चित्र : झोपडपट्टीत उघड्यावर स्नान करणारी अम्मा.

वाद झाला, आणि तो अकारण झाला असे मी म्हणणार नाही. गरीब स्त्रीचा देह दाखवून तिकिटे विकावयाची, हा आक्षेप खोटा नव्हता. स्वतः स्मिता पाटील यांनीही या जाहिरातीविषयी नापसंती बोलून दाखविली होती. दुसरी बाजू म्हणे, हे वास्तव आहे, त्यावरून डोळे का मिटावे? दोन्ही पक्ष त्या चित्राकडेच पाहून भांडत राहिले. अम्मा उघड्यावर का बसली आहे, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

चित्रपट पाहिला की त्याचे उत्तर मिळते. गाव सोडून आलेली ही विधवा आणि तिचा मुलगा बेन्वा. झोपडीसाठी पत्रे चोरताना नवरा गोळीला बळी पडलेला. जेथे चार पत्र्यांसाठी माणूस मरतो, तेथे न्हाणीघर कोठून येणार? चित्रपटात ते स्नान तिच्या दिवसाच्या अनेक कामांपैकी एक काम आहे. जाहिरातदाराने ते काम कापून वेगळे काढले आणि त्याचे आमिष केले. माझ्या मते दृश्य प्रामाणिक आहे, भित्तिपत्रक नाही.

हे मला देवासमुळे कळले. 1990 च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला इंदूरहून रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. घागर घेऊन रांगेत उभे राहणे हीच त्या सुटीतील माझी शाळा. त्या दिवसांत आई उजाडण्यापूर्वी, अंगणात खाट उभी करून, तिच्यावर चादर टाकून स्नान उरकी. मी बाहेर पहाऱ्याला. आमच्यापाशी निदान खाट होती आणि चादर होती. रविवारी देवळात शोमरोनी स्त्रीची कथा वाचली जाई, तेव्हा ती भर दुपारी एकटी विहिरीवर का आली असेल, हे फादरांनी सांगण्याआधीच मला उमगल्यासारखे वाटे. लोकांच्या नजरा चुकवून पाणी भरणे म्हणजे काय, ते मी पाहत होते.

चित्रपटात उणिवा आहेत. शेवटी दुःखे एकावर एक इतकी कोसळतात की मन बधिर होते : लुक्का आणि बेन्वा यांना पोलीस नेतात, अम्माचा गर्भ जातो आणि वस्तीवर बुलडोझर फिरतो. मुलांना दाखविण्याजोगा तो नव्हे. वर्गात मी त्याचे नावही काढणार नाही. परंतु मोठ्यांनी तो पाहावा.

गेल्या वर्षी मी तो आईबरोबर पुन्हा पाहिला. स्नानाचा प्रसंग आला तेव्हा मी जरा अवघडले. आई मात्र पडद्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, “त्यांच्याकडे नळाला पाणी किती वाजता येत असेल गं?”