शेतावरील जुना बॅटरी-राऊटर आणि मुक्तस्रोत फर्मवेअर
(पिंपळवंडी, ता. जुन्नर येथे तरुण शेतकऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



दहा-बारा वर्षांपूर्वी खिशात मावणारे, बॅटरीवर चालणारे राऊटर बाजारात आले होते. थ्री-जीचा डोंगल खोचला की घरभर वाय-फाय मिळे. पुढे खाजगी कंपन्यांनी थ्री-जी आवरते घेतले, डोंगल निकामी झाला आणि त्याबरोबर राऊटरही कपाटात गेला. तो पुन्हा कामास लावता येतो काय, असा प्रश्न मला आपल्यापैकी काहींनी विचारला, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम गरज पाहू. वस्तीवर घरात फायबरचे वाय-फाय आहे, त्याला इन्व्हर्टरही आहे. पॉलिहाऊस किंवा द्राक्षबाग मात्र पलीकडे, आणि तेथे शेतीच्या वाहिनीवरची वीज पाळीपाळीने येते. द्राक्षावरील केवड्याचा अंदाज घ्यायचा तर पाने रात्री किती तास ओली राहिली हे कळावे लागते. नेमकी त्याच वेळी वीज नसली की नोंदीत खंड पडतो, आणि सकाळी फवारणी करावी की नाही हे अंदाजानेच ठरवावे लागते. फवारणी चुकली तर घड जातात, उगाच केली तर औषधाचे पैसे जातात. शिवाय उसाच्या कडेने रात्री मोटारीकडे जायला बिबट्यामुळे कोणी धजत नाही. तेथले कॅमेऱ्याचे चित्र घरात दिसले तर एक फेरी वाचते. अशा ठिकाणी स्वतःची बॅटरी असलेला राऊटर उपयोगी पडतो.

राऊटर म्हणजे लहानसा संगणकच. त्यातील कायमच्या स्मृतीत कंपनीने जी आज्ञावली भरलेली असते तिला फर्मवेअर म्हणतात. आपल्याला हे कलमाच्या उदाहरणाने समजेल. डॉगरिजच्या खुंटावर आपण थॉमसन बांधतो. खुंट तोच, वरचे वाण आपल्या पसंतीचे. तसे येथे यंत्र तेच ठेवून वरची आज्ञावली बदलायची. ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ ही अशी मुक्तस्रोत आज्ञावली आहे. तिचा उगम लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-54-जी या राऊटरमध्ये आहे. त्यात लिनक्स वापरलेले असल्याचे उघड झाले आणि परवान्यानुसार कंपनीला 2003 साली मूळ संहिता खुली करावी लागली. त्यावरून 2004 साली हे काम सुरू झाले. नावातील ‘डब्ल्यूआरटी’ तेथूनच आले.

जुनी आज्ञावली चालते आहे तर बदलायची कशाला? कारण 2017 च्या ऑक्टोबरात वाय-फायच्या डब्ल्यूपीए-2 या सुरक्षा पद्धतीतच एक मोठी त्रुटी उघडकीस आली. ती ‘क्रॅक’ या नावाने ओळखली जाते. त्यापूर्वीची आज्ञावली ज्या राऊटरमध्ये आहे त्यात ही त्रुटी तशीच राहिलेली असते. ओपन-डब्ल्यूआरटीच्या 17.01.4 या आवृत्तीत ती त्याच महिन्यात दुरुस्त झाली.

आता उदाहरणादाखल टीपी-लिंकचा टीएल-एमआर 3040 घेऊ. यात 4 मेगाबाइट कायमची व 32 मेगाबाइट कामाची स्मृती आहे. बॅटरी 2000 मिलिअँपिअर-तास, 3.7 व्होल्टची, म्हणजे सुमारे साडेसात वॅट-तास. राऊटर दीड वॅट घेतो असे धरले, तर तूट वजा जाता चार तास मिळावेत. मात्र ही नव्या बॅटरीची गोष्ट झाली. जुनी बॅटरी प्रथम हातात घेऊन पाहावी. फुगलेली असेल तर ती टाकून नवी बसवावी, चार्जिंगला अजिबात लावू नये.

4 आणि 32 हे आकडे मी मुद्दाम सांगितले. एवढ्या लहान यंत्रात नव्या आवृत्त्या मावत नाहीत. या राऊटरसाठी 17.01 आणि 18.06 या मालिकांतील फाइली मिळतात, पण त्या मालिकांची देखभाल केव्हाच थांबली आहे. तेव्हा घरात पडून असलेला राऊटर असेल तर त्यावर हात बसवावा, त्याला घरच्या राऊटरच्या मागे ठेवून फक्त संवेदक व कॅमेरा जोडावा, त्यावरून पैशाचे व्यवहार करू नयेत. जुना राऊटर विकत घ्यायचा असेल तर मात्र हा घेऊ नये. 16 आणि 128 मेगाबाइटचा पाहावा. स्वस्त म्हणून घेतलेला लहान राऊटर मला महागच वाटतो.

प्रत्यक्ष कृतीत सर्वांत जास्त लक्ष फाइल निवडण्यावर द्यावे. राऊटरच्या पाठीवरील चिकटपट्टीवर नमुना आणि त्यापुढे व्ही-1 किंवा व्ही-2 असे लिहिलेले असते. आपण बियाण्याच्या पिशवीचे लेबल वाचतो तसे हे वाचावे. दिसायला दोन्ही सारखे, आत फरक असतो. कंपनीच्या आज्ञावलीवरून प्रथमच जाताना ‘फॅक्टरी’ नावाची फाइल लागते, पुढच्या वेळी ‘सिसअपग्रेड’. उतरवलेल्या फाइलीची 256 बिटांची खूण, म्हणजे शा-256, मूळ यादीतील खुणेशी ताडून पाहावी. एक अक्षरही जुळले नाही तर फाइल पुन्हा उतरवावी.

बॅटरी पूर्ण भरावी आणि चार्जरही जोडलेला ठेवावा. आज्ञावली लिहिली जात असताना वीज गेली तर यंत्र निकामी होऊ शकते. आपल्याकडे हे सांगायला नको. बॅटरीच्या राऊटरचा हा मोठा फायदा. संगणक वाय-फायने नव्हे, तर लॅन केबलने जोडावा. 192.168.0.1 या पत्त्यावर जाऊन फर्मवेअर बदलण्याच्या पानावर फाइल द्यावी आणि तीन-चार मिनिटे कशालाही हात लावू नये.

नव्या आज्ञावलीचा पत्ता 192.168.1.1 असतो आणि तिचे वाय-फाय सुरुवातीस बंद असते. राऊटर बिघडला असे समजून येथे पुष्कळ जण घाबरतात. केबलनेच आत जावे, पहिल्या प्रथम परवलीचा शब्द ठेवावा. घरच्या राऊटरचाही पत्ता 192.168.1.1 असेल तर दोघांची गाठ पडते, म्हणून नव्याचा पत्ता 192.168.5.1 असा बदलून घ्यावा. वाय-फायच्या पानावर देश भारत निवडावा, ‘स्कॅन’ करून घरचे वाय-फाय जोडावे, आणि मग राऊटरचे स्वतःचे वाय-फाय सुरू करावे. ‘आर्ट’ नावाच्या भागात त्या यंत्राच्या रेडिओची जुळणी साठवलेली असते. त्याची प्रत संगणकावर काढून ठेवावी. ती दुसऱ्या राऊटरवरून आणता येत नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. या यंत्रात रेडिओ एकच आहे. तोच घरचे वाय-फाय पकडतो आणि तोच शेतात पसरवतो. घरचे बंद झाले की शेतातलेही नाहीसे होते. म्हणून स्वतःच्या स्मृतीत नोंद ठेवणारा संवेदकच घ्यावा.

राऊटर बसवण्याची जागा पिकाकडे पाहून ठरवावी. हिरव्या पानांतील पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. लागवडीच्या दिवसांत छान चालणारी जोडणी ऊस डोक्यावर गेला की तुटते. टोमॅटोतही सरीच्या उंचीवर ठेवू नये. द्राक्षाच्या मांडवात लोखंडी अँगल व तारा आड येतात, तेव्हा मांडवाच्या वर, पण सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत बसवावा. पत्र्याला लागून कधीही नको. 45 अंशांच्या वर लिथियमची बॅटरी भरणे धोक्याचे असते.

आपल्या शेजारी खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांनी ती आकाशातील अतिशय क्षीण लहरी ऐकते. आपले वाय-फाय तिच्या पट्ट्याबाहेरचे असले तरी निकृष्ट चार्जर पट्ट्यातही खरखर करतात. चार्जर मूळचाच वापरावा आणि प्रक्षेपणाची शक्ती वाढवण्याचे उद्योग करू नयेत.

इतके करूनही राऊटर बोलेनासा झाला तर सुरू होताना दिवा लुकलुकू लागताच बटण दाबावे. संगणकाला 192.168.1.2 हा पत्ता द्यावा. सुरक्षित अवस्थेत शिरता येते आणि ‘फर्स्टबूट’ या आज्ञेने बिघडलेली मांडणी पुसता येते. तेही साधले नाही तर आतील सिरियल जोडणी उरते. ती 3.3 व्होल्टची असते, 5 व्होल्टची तार लावू नये. डाग देण्याचे ते काम मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलेले बरे.