आभाळ वाचता येतं, चेहरा?

आभाळ भरून आलं की आपण वाळवण आत घेतो. कुणाला विचारावं लागत नाही. आज याच आभाळाशी नातं असलेला एक दूरदेशीचा शब्द सांगते.

शब्द आहे जुन्या ग्रीक भाषेतला, 'स्तुग्नाझो'. हे क्रियापद आहे. अर्थ काळवंडणे, उदास होणे. ग्रीक कथांमध्ये मृतांच्या राज्यात स्टिक्स नावाची नदी आहे, तिचं नावही याच कुळातलं.

ख्रिस्ती लोकांचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिला गेला. त्यात हे क्रियापद फक्त दोनदा येतं. मत्तयच्या शुभवर्तमानात ते आभाळासाठी आहे. सकाळचं आभाळ तांबडं आणि काळवंडलेलं दिसलं की वादळ येणार हे लोकांना कळतं, मग काळाची लक्षणं का कळत नाहीत, असं येशू विचारतात.

मार्कच्या शुभवर्तमानात तेच क्रियापद माणसासाठी आहे. एका माणसाला येशू सांगतात, असेल ते विकून गरिबांना दे. त्याच्याकडे मालमत्ता पुष्कळ. ऐकताच त्याचा चेहरा काळवंडतो आणि तो दुःखी होऊन निघून जातो. तिथे मनातल्या दुःखाला वेगळा शब्द आहे. हा शब्द चेहऱ्यावर दिसतं त्याचा.

आपणही म्हणतोच की, आभाळावर मळभ आलं, मनावर मळभ आलं.

बायांनो, बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता मोजतो, सही घेतो. हप्ता वेळेवर आला म्हणजे घरी सगळं बरं आहे, असं समजू नका. नेहमी पुढे बसणारी दाराशी बसू लागली, बोलणारी गप्प झाली, तिचं तोंड उतरलेलं दिसलं, तर सगळ्यांसमोर विचारू नका. बैठक सुटल्यावर तिच्यासोबत चार पावलं चाला. "काय गं, बरी आहेस ना?" एवढं विचारा आणि ऐकून घ्या. "हसत राहा" असं सांगू नका. तिला 'रडकी' असं नावही ठेवू नका. काळवंडणं हा कुणाचा स्वभाव नसतो, कशामुळे तरी ते घडतं.

दोन आठवडे झाले तरी उदासी हटत नसेल, झोप-जेवण तुटलं असेल, तर तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. जीव नकोसा झाला असं ती बोलली, तर तिला एकटी सोडू नका, लगेच फोन लावा.

येत्या बैठकीत वही उघडण्याआधी एकदा सगळ्यांचे चेहरे बघा.