शूर्पारक आणि वसई



वसईचे नाव निघताच मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे चिमाजीअप्पांची मोहीम उभी राहते, व ते स्वाभाविकच आहे. तथापि केवळ किल्ल्याचा तट पाहून जो प्रवासी परततो, त्याने निम्मीच वसई पाहिली, असे मला आज निवेदन करावयाचे आहे. उरलेली निम्मी तेथून सुमारे तीन कोसांवर, सोपाऱ्यास आहे.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक नौकानयनाच्या ग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. टॉलेमीसही ते ठाऊक होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' म्हणविणारे टेकाड खणले, तो आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत तांबे, रुपे, स्फटिक व सोने यांचे एकात एक बसविलेले करंडक होते. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही तेथे सापडला. ज्या बंदराची ग्रीकांस ओळख होती, तेथील स्तूपावरून आज समुद्र दिसतही नाही!

मागाहून वसई उदयास आली. १५३४ साली गुजराथच्या बहादुरशहाने ती तहाने पोर्तुगीजांस दिली, व त्यांनी आपल्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे तेथे केले. पडक्या प्रार्थनामंदिरांतून हिंडताना थडग्यांच्या कोरीव शिळा आजही पायांखाली येतात. १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी तट फोडून मराठ्यांनी ते ठाणे जिंकले, आणि शरण आलेल्या शिबंदीस सन्मानाने जाऊ दिले.

कथा येथे संपत नाही. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. सालबाईच्या तहाने तो परत आला. पुढे पुण्याहून पळालेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्याच जहाजातून येथे उतरला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौजेचा तह केला. तट आपल्या हाती होता. समुद्र मात्र नव्हता.

म्हणून विनंती अशी, की नालासोपारा स्थानकावर उतरून आधी स्तूप पाहावा, मग एक स्थानक मागे येऊन वसई रोडवरून किल्ला गाठावा. सायंकाळी तटावर उभे राहिल्यावर, विजयाच्या अभिमानाबरोबरच तो का टिकला नाही, हेही समोरची खाडी आपणास सांगेल.