एकविसावा दिवस
(शाळेच्या वार्षिक क्रीडादिनी केलेले भाषण)



बडोद्याला व्यायामाचे कौतुक नवे नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या शहरात मल्लखांब आणि कुस्ती घराघरांत परिचयाची आहे. ट्रायथलॉन हा शब्द मात्र आपल्या कानांना अद्याप नवखाच. पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकामागोमाग एक, मध्ये विश्रांती न घेता पार पाडावयाचे, असे या शर्यतीचे स्वरूप. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होणाऱ्या शर्यतीत १.९ किलोमीटर समुद्रात पोहावे लागते, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि अखेरीस २१.१ किलोमीटर धाव. हे सारे साडेआठ तासांत संपवायचे. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी या शर्यतीत उतरलेल्यांमध्ये याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी होती. वय बेचाळीस, नोकरी बँकेत. तिचे नाव येथे घेतलेले नाही, कारण गोष्ट तिच्या एकटीची नाही. तिच्या आईचीही आहे.

सप्टेंबरअखेरीस आईला मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि साखर, मैदा, तळण कमी करण्यास सांगितले. एवढ्यावर भागले असते. परंतु शेजारच्या एका बाईंच्या फोनवरून 'एकवीस दिवसांचे शरीरशुद्धीव्रत' घरात आले. साखर नाही, गूळ नाही, धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही. चालतील ती फळे, भाज्या, कंद, सुकामेवा, खोबरे आणि अंडी. त्यांतील अंडी त्या घरात शिजतच नाहीत. आई एकटीने हे निभावणार नाही म्हणून मुलीने शब्द दिला, "तुझ्याबरोबर मीही." सोमवार, ७ ऑक्टोबर हा पहिला दिवस ठरला. बोटांवर मोजले तेव्हा लक्षात आले की एकविसावा दिवस नेमका शर्यतीचा! तोवर शब्द देऊन झाला होता.

दसऱ्याचे श्रीखंड गेले, कोजागरीचे दूध गेले. पहिल्या आठवड्यात दोघींचे वजन उतरले आणि घरात आनंद झाला. येथे थोडे थांबावयास हवे. आपण खाल्लेल्या पिष्टमय अन्नाचा एक भाग शरीर ग्लायकोजेन या रूपाने साठवते. सुमारे १०० ग्रॅम यकृतात आणि ४०० ग्रॅमच्या आसपास स्नायूंत. या साठ्यातील प्रत्येक ग्रॅमाबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा आटला की ते पाणीही जाते. काट्यावर प्रथम दिसलेली घट पुष्कळशी या पाण्याची असते. शुद्धीचे म्हणाल, तर निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांना कोणत्याही व्रताची वाट पाहावी लागत नाही.

शर्यतीसाठी तयार मिळणारी सारी ऊर्जापेये साखरेची, म्हणून वर्ज्य. दीर्घ श्रमात ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असा संकेत आहे. उकडलेल्या रताळ्यांतून ती मिळवायची तर तासाला पाव किलोहून अधिक रताळी खावी लागतील. म्हणून तिने खजुरावर भिस्त ठेवली आणि सोबत मीठ लावलेल्या रताळ्याच्या फोडी घेतल्या. हिशेब कागदावर चोख होता. केवळ सायकलवर, उन्हात, कोरड्या तोंडाने खजूर चावून पाहण्याची रंगीत तालीम तिने केली नव्हती.

समुद्र तिने सहज पार केला. पन्नास किलोमीटरपर्यंत सायकलही सुरळीत चालली. नंतर खजूर घशात चिकटू लागले, पोट डचमळू लागले, आणि जे खायचे ते पिशवीतच राहिले. धावताना चौदाव्या किलोमीटरच्या सुमारास भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला. आता किती उरले, याचा हिशेब तिला जमेना. एकवीसमधून चौदा! दिवसभर आकड्यांत वावरणाऱ्या बाईला हे उत्तर सापडेना, तेव्हा ती घाबरली.

हे तिच्यासारख्या हौशी खेळाडूचेच होते असे नाही. हवाईतील आयर्नमॅन जागतिक स्पर्धा त्यापूर्वी सात वेळा जिंकलेली पॉला न्यूबी-फ्रेझर १९९५ साली आघाडीवर होती. कॅरेन स्मायर्स मागून गाठू लागली, तेव्हा वेळ वाचविण्यासाठी पॉलाने खाण्यापिण्याची ठाणी टाळली. अंतिम रेषा काही शे मीटरवर असताना तिचे पाय लटपटले आणि ती रस्त्यावरच बसली. बऱ्याच वेळाने उठून, अनवाणी चालत तिने शर्यत पुरी केली. क्रमांक चौथा आला. पुढच्याच वर्षी ती आठव्यांदा विजेती ठरली, हेही सांगितले पाहिजे.

मिरामारच्या पाणपोईवर एका स्वयंसेवक मुलाने आपल्या विद्यार्थिनीपुढे कोलाचा पेला धरला. ती क्षणभर त्याच्याकडे पाहत उभी राहिली. वीस दिवस सांभाळलेले सारे त्या पेल्यात बुडणार होते, आणि शब्द तर आईला दिलेला. तिने पेला घेतला, संपविला, आणखी अर्धा मागितला. काही मिनिटांनी तिला सात हा आकडा आठवला. चालत, धावत, मुदत संपण्याच्या पंचवीस मिनिटे आधी ती पोहोचली.

पदक गळ्यात असतानाच तिने घरी फोन लावला.

"आई, मोडलं गं."

"अगं बाई! हात की पाय?"

"व्रत. कोला प्यायले."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, "माझं चौदाव्या दिवशीच मोडलंय."

त्या रविवारी मुलगी पहाटेच लांबच्या सायकल सरावाला गेली होती. आईने नेहमीप्रमाणे गोळी घेतली आणि न्याहरीला नुसती काकडीची कोशिंबीर खाल्ली. तासाभरात हात थरथरू लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. स्वयंपाकघरात बसल्या जागी तिने डबा ओढून दोन चमचे साखर तोंडात टाकली. रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा हा प्रकार. गोळी तीच आणि आहार निम्मा, तर काही गोळ्यांनी असे होऊ शकते. म्हणून आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावयाचे असते. दोघींनीही विचारले नव्हते. आईने हे मुलीपासून लपविले, कारण शर्यत आठवड्यावर आली होती. आणि व्रत चालू असल्याचे सोंग पुढे सहा दिवस वठविले.

"तुला सांगितलं असतं, तर तू गेली असतीस का गोव्याला?" आईने विचारले. मुलीला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. मुलगी घरी पोहोचली, तेव्हा दोघी प्रथम डॉक्टरांकडे गेल्या. गोळीची मात्रा बदलली. संध्याकाळी आईने भाजणी मळायला घेतली. ताटलीत दोन चकल्या मुलीसाठी, एक स्वतःसाठी, आणि शेजारी रक्तातील साखर मोजण्याचे नवे यंत्र, जे कसे चालवायचे ते मुलगी माहितीपत्रक उलगडून वाचत बसली होती.