रोबोटच्या चाकामागचा शाफ्ट

इंजिनिअरिंगची मुलं रोबोकॉनसारख्या स्पर्धेसाठी रोबोट बांधायला घेतात, तेव्हा मोटार कुठली घ्यायची यावर रात्ररात्र खल होतो. चाकाचा शाफ्ट मात्र हाताला लागेल तो, बहुधा ८ मिलिमीटरचा. त्यावर बसणारं बेअरिंग ६०८ नंबरचं, स्केटच्या चाकात असतं ते. मग रोबोट उतारावरून आदळतो, चाक तिरकं पळू लागतं आणि सगळे बेअरिंगच्या नावानं बोटं मोडतात.

बिचारं ६०८! जागच्या जागी ते शंभर किलोंहून अधिक भार सहज पेलतं. वाकलेला असतो तो शाफ्ट.

हिशेबच करू. रोबोट २५ किलोंचा. आदळताना सगळं वजन एकाच चाकावर आलं आणि दणक्यानं दुप्पट झालं. चाक बेअरिंगपासून ४० मिलिमीटर बाहेर. अशा वेळी ८ मिलिमीटरच्या शाफ्टवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४० किलोंचा ताण येतो. साधं माइल्ड स्टील पंचविसाच्या आसपासच कायमचं वाकतं. शाफ्ट १२ मिलिमीटरचा घ्या, ताण १२ किलोंवर उतरतो. ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते ना! बेअरिंग मग ६००१ घ्यायचं.

दोन बेअरिंगांमधलं अंतरही बघा. ते ४० असेल तर चाकाजवळच्या बेअरिंगवर चाकाच्या दुप्पट भार येतो, ८० केलं की दीडपट. एकाच बेअरिंगवर भागवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

जागा असेल तर चाक दोन पट्ट्यांच्या मधे घ्या आणि बैलगाडीसारखा आस स्थिरच ठेवा. स्प्रॉकेट थेट चाकाला बोल्टनं बसवलं की चेन चाकालाच फिरवते. बेअरिंग चाकात जातं, ढिला होणारा ग्रब स्क्रू जातो, आणि फिरत्या शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात उलटसुलट वाकावं लागतं तेही टळतं.

बसवताना एवढं करा. बेअरिंग चाकात दाबायचं तर जोर बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर चढवायचं तर आतल्या. योग्य मापाचा पाइपचा तुकडा त्याला पुरतो. चुकीच्या कड्यावर हातोडी पडली की धक्का गोळ्यांमधून जातो, कड्यांना खळगे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग बोटावर फिरवताना खरखरतं.